इनसोल वर्गाच्या दाराबाहेर

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

वय ५२. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, नोकरीला २७ वर्षं झाली. माझे पाय लहानपणापासून सपाट, तळव्याला खड्डा असा नाहीच. आजवर त्याचा कधी त्रास झाला नव्हता. गेल्या वर्षापासून मात्र संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात, टाच दुखते, उजव्या पायाची आतली बाजू ठणकते. लेकीने पुण्याला नेऊन एका दुकानात मशीनवर पाय तपासून घेतले, साडेतीन हजारांचे इनसोल, म्हणजे बुटात घालायच्या आधाराच्या गाद्या, करून घेतले आणि ते घालायला बूटही घेऊन दिले. दोन महिने झाले, फरक पडला असं मनापासून म्हणवत नाही. शाळेत वर्गाबाहेर पादत्राणं काढायची पद्धत आहे आणि घरात तर अनवाणीच. बूट जाण्यायेण्यापुरते. इनसोल चुकीचे निघाले का?

त्याच मशीनवर माझ्या चार वर्षांच्या नातीचेही पाय सपाट निघाले. दुकानदार म्हणाला, आत्ताच इनसोल घातले तर कमान येईल, नाहीतर पुढे गुडघे आणि कंबर धरेल. विहीणबाई म्हणतात, पोरीला मातीत अनवाणी खेळू द्या. कोणाचं ऐकावं ते लेकीला कळत नाही.

जाता जाता लिहिते, शुगर बॉर्डरवर आहे. हल्ली उजवी चप्पल आतल्या बाजूने लवकर झिजते आणि त्याच पायाच्या घोट्याच्या आत थोडी सूज असते, ती बहुधा उभं राहण्याची असावी.

— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर

बाई, (शिक्षिकेला मी बाईच म्हणणार.)

तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून जे लिहिलंत, ते मी सगळ्यांत आधी वाचलं आणि पुन्हा वाचलं. फक्त उजवी चप्पल झिजते, फक्त उजव्या घोट्याच्या आत सूज येते. उभं राहता तुम्ही दोन्ही पायांवर. उभं राहण्याची सूज असती तर डावीकडेही दिसली असती. म्हणून इनसोलचं बोलण्याआधी उजव्या पायाचं बोलू या.

आज संध्याकाळी एक करून बघा, घरातल्या कोणाला तरी मागे बसवा. भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभ्या राहा, बोटं नुसती भिंतीला टेकवा. आधी दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहा. मागे बसलेल्या माणसाने दोन गोष्टी बघायच्या. टाचा वर जाताना आतल्या बाजूला वळतात का, आणि एरवी सपाट दिसणाऱ्या तळव्याला त्या क्षणी कमान येते का. मग डावा पाय उचलून फक्त उजव्या पायावर तेच करा. नंतर फक्त डाव्यावर. घाई नको, आणि दुखलं तर तिथेच थांबा.

टाचा आत वळल्या आणि कमान दिसली, तर तुमचा सपाट पाय लवचीक आहे. जन्मभर असा पाय घेऊन माणसं शेतात राबतात, डोंगर चढतात. आपल्या सैन्यदलांतल्या अधिकारी-भरतीचे वैद्यकीय निकषही हेच बघतात. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, पाय लवचीक असेल, दुखत नसेल आणि उमेदवार चवड्यांवर नीट पळू शकत असेल, तर सपाट पाय चालतो. नुसता सपाट तळवा म्हणजे आजार नव्हे. हे मी इतकं ठासून सांगते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी माणसं दुखण्यापेक्षा त्या मशीनवरच्या लाल-पिवळ्या चित्राला घाबरून आलेली असतात.

पण एकट्या उजव्या पायावर टाच उचलताच आली नाही, किंवा उचलताना घोट्याच्या आत कळ आली, तर गोष्ट वेगळी. पोटरीच्या आतून एक स्नायू निघतो. त्याचा दोर घोट्याच्या आतल्या हाडामागून वळसा घेऊन तळव्याखाली जातो आणि कमान वर उचलून धरतो. टिबियालिस पोस्टीरियर असं त्याचं नाव. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, वजन, शुगर किंवा बीपी असेल तर हा दोर झिजू लागतो. आधी घोट्याच्या आत सूज आणि ठणका. मग कमान आणखी खाली बसते, टाच बाहेर कलते आणि चप्पल आतून झिजायला लागते. मागून बघणाऱ्याला त्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूने जास्त डोकावताना दिसतात. दुसऱ्या पायाची एखाद-दुसरं बोट दिसत असेल, तर या पायाची तीन-चार.

तुम्हाला हेच झालंय असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण तुमच्या शेवटच्या चार ओळी तिकडे बोट दाखवतात आणि ही तपासणी लांबवण्यासारखी नाही. सुरुवातीच्या टप्प्यात इनसोल आणि व्यायाम या दोरावर उत्तम काम करतात. पाय एकदा कडक झाला, हाताने वळवूनही सरळ येईना, की इनसोलने तो सरळ होत नाही. तेव्हा येत्या पंधरवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रे काढायचा झाला तर उभं राहून, पायावर वजन घेऊन काढा, झोपून काढलेल्या एक्स-रेत बसलेली कमान नीट कळत नाही.

शुगर बॉर्डरवर आहे म्हणता, म्हणून आणखी एक. पाय एकाएकी गरम, लाल आणि सुजलेला दिसला, फार दुखत नसला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तळव्यांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा वाटत असेल तर तेही सांगा. बधिर पायाला इनसोल टोचतोय हे कळत नाही, आणि साध्या फोडाची जखम व्हायला वेळ लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, इनसोल चुकीचे निघाले का?

न बघता सांगता येणार नाही, पण त्याआधी तुमच्या दिवसाचा हिशोब मांडा. शाळेत जायला अर्धा तास आणि यायला अर्धा, एवढा वेळ बूट पायात. त्यातही तुम्ही स्कूटीवर असाल तर पाय टेकवलेलेच. वर्गात पाच तास शहाबादी फरशीवर अनवाणी. घरी आल्यावर ओट्यापाशी दोन-तीन तास, तेही अनवाणी. म्हणजे पायांवर खरा भार येतो त्या वेळात साडेतीन हजारांचे इनसोल वर्गाच्या दाराबाहेर बुटात बसलेले असतात. त्यांना काम करायची संधीच मिळालेली नाही.

इनसोल हे औषध नाही. रात्री घेतलेल्या गोळीचा असर दिवसभर राहतो, तसं इथे होत नाही. डुगडुगणाऱ्या पाटाखाली आपण कागदाची घडी सारतो, तसं इनसोल टाचेच्या आतल्या बाजूला आणि कमानीखाली आधार देतो. टाच कलत नाही, त्या दोरावरचा ताण कमी होतो, दुखणं उतरतं. घडी काढली की पाट पुन्हा डुगडुगतो. मोठ्या माणसाच्या पायाला इनसोल कायमची कमान आणून देत नाही. तशी अपेक्षाही धरू नका, आणि तसं सांगून कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

म्हणून पहिलं काम वर्गातल्या पायांचं. मुख्याध्यापकांशी बोला. वर्गाची स्वच्छता ही चांगली पद्धत आहे, ती मोडायची नाही. फक्त वर्गातच वापरायचा, बाहेरच्या मातीला कधी न लागलेला एक जोड कपाटात ठेवायचा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली तर बोलणं सोपं जातं. मुलांनाही सांगा, बाईंचा पाय दुखतो म्हणून हे बूट वर्गातले. मुलं समजून घेतात. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेच्या वर्गातली चौथीची पोरं आता सकाळी तिच्या आधी कपाट उघडून सँडल काढून ठेवतात.

घरातही तसंच. स्वयंपाकघरात चप्पल नको हा संस्कार माझ्याही घरचा. पण घरातलीच, कधीही उंबऱ्याबाहेर न गेलेली चप्पल ओट्यापाशी घालायला हरकत नसावी, देवघरापाशी ती काढली की झालं. फक्त ती पातळ रबरी स्लीपर नसावी. कमानीला उठाव असलेली घ्या. औषधांच्या दुकानात एमसीआरच्या चपला मिळतात. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर, कुष्ठरुग्णांचे बधिर पाय जपण्यासाठी आपल्याकडे ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. त्या चपलांतही आतून उठाव असलेली बघून घ्या. नुसत्या मऊपणाने टाचेला बरं वाटतं, पण कलणारी टाच मऊ गादीवरही कलतेच.

हीच कसोटी तुमच्या इनसोललाही लावा. तो बुटातून बाहेर काढा, टेबलावर ठेवा आणि कमानीच्या उंच भागावर अंगठा जोरात दाबा. अंगठ्याखाली तो सपाट झाला, तर तुमच्या वजनाखाली काय होत असेल ते उघड आहे. आधार देणारा इनसोल थोडा दबतो आणि लगेच अंगठ्याला परत ढकलतो. टाचेच्या जागी वाटीसारखी खोली हवी, कडा दोन्ही बाजूंनी टाचेला धरून ठेवणाऱ्या. उंचवटा टाच संपली की सुरू व्हावा आणि चवड्याच्या आधी उतरावा. तो चवड्याजवळ येत असेल तर माप चुकलं आहे, दुकानातून बदलून घ्या.

बुटातली मूळची पट्टी काढली होती का? बऱ्याच जणांनी ती काढलेलीच नसते. एकावर एक दोन थर झाले की टाच वर येते, चालताना बुटातून निसटते, वरून बोटं आवळतात, आणि शेवटी खापर इनसोलवर फुटतं. मूळ पट्टी निघत असेल तर काढा, मगच इनसोल बसवा.

बूटही तपासा. एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पुढचा भाग धरून ओल्या टॉवेलसारखा पिळा. सहज पिळला गेला तर तो बूट इनसोलला धरून ठेवू शकत नाही. बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध वाकू नये. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबून बघा, ती घट्ट हवी. साडीवर बूट नको वाटत असतील तर मागे पट्टा, पुढे बकल किंवा वेलक्रो आणि आतली गादी निघणारी सँडल मिळते. ती गादी काढून त्या जागी इनसोल बसतो. अंगठ्याच्या चपलेत किंवा सपाट कोल्हापुरीत मात्र इनसोल बसवायच्या भानगडीत पडू नका, तो तिथे सरकतो आणि माणूस पडतो. नवी खरेदी संध्याकाळीच करा, पाय तेव्हा दिवसभराचे सुजलेले असतात. जाताना इनसोल पिशवीत टाकून न्या आणि तो घालूनच माप बघा.

सवय करायची रीत तुम्हाला कोणी सांगितली का, याची मला शंका आहे. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज तासाभराने वाढवत न्या. दोनेक आठवड्यांत दिवसभर घालता यावेत. या काळात पोटरीत आणि कमानीत हलका शीण जाणवतो, तो चालेल. पण एकाच ठिकाणी टोचणं, कातडीवर लाल चट्टा, फोड, बधिरपणा किंवा गुडघ्यात नवी कळ आली तर थांबा आणि जिथून घेतले तिथे जाऊन घासून-वळवून घ्या. तुम्ही रोज रात्री हातात आरसा धरून दोन्ही तळवे बघायचेच. शुगरच्या काठावर असलेल्या माणसाला ही सवय आत्तापासून हवी.

साडेतीन हजार फुकट गेले का, ही रुखरुख तुमच्या पत्रात आहे. मापाचा, खास बनवलेला इनसोल नेहमीच तयार इनसोलपेक्षा सरस ठरतो असं नाही. टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना मापाचे, काहींना तयार आणि काहींना नुसते मऊ फोमचे इनसोल दिले. तीन महिन्यांनी मापाच्या आणि तयार इनसोलने थोडा सारखाच फायदा दिसला, वर्षभराने तिन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. म्हणून साध्या टाचदुखीला मी आधी काही शे रुपयांचा, थोडा कडक, तयार इनसोलच सुचवते. उजव्या पायाचा दोर खरंच झिजला असेल, तर मात्र त्या पायापुरतं मापाने करून घेण्यात अर्थ आहे. तेव्हा ते पैसे वाया गेले असं धरू नका, त्यालाच घासून-बदलून वापरता येईल.

इनसोल एकटा पुरत नाही. याच दोराच्या दुखण्यावर २००९ साली प्रसिद्ध झालेला ३६ जणांचा छोटा अभ्यास आहे. सगळ्यांना इनसोल दिले होते, शिवाय पोटरी ताणायला सांगितलं होतं. त्यातल्या काहींना त्या दोराला जोर देणारा व्यायामही होता. बारा आठवड्यांत सगळ्यांनाच बरं वाटलं, पण पाय ताणलेल्या पट्ट्याविरुद्ध हळू सोडत जाण्याचा व्यायाम करणाऱ्यांना सगळ्यांत जास्त. हा पट्ट्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडे समोर बसून शिका. किती जोर लावायचा हे कागदावरून कळत नाही, आणि सुजलेल्या दोरावर जादा जोर नको.

दोन गोष्टी मात्र आजपासून घरी करा. पोटरी ताणणं: भिंतीला हात, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं समोर. अर्धा मिनिट धरा, प्रत्येक पायाला तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे बूट आणि इनसोल घालूनच करा, नाहीतर ताण पोटरीला बसण्याऐवजी कमान खाली बसते. पोटरी आखडलेली असली की तिचा सगळा जाच कमानीला सोसावा लागतो, म्हणून याला मी इतकं धरून बसते.

दुसरा व्यायाम खुर्चीत बसून. टाच आणि बोटं जमिनीवर टेकलेली ठेवायची आणि अंगठ्याच्या मुळाचा चवडा टाचेकडे ओढायचा, जणू पाय अर्ध्या इंचाने आखूड करायचा आहे. बोटं मुडपायची नाहीत, सगळी मेख तिथेच आहे. पहिले चार-पाच दिवस काहीच हलत नाही असं वाटेल. मग एक दिवस तळव्याखालून फरशी किंचित सुटल्याचं जाणवतं. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. मुलं शुद्धलेखन लिहीत असतात तेवढ्यात दोन्ही पायांचं होऊन जातं, आणि त्या निमित्ताने तुम्ही खुर्चीत बसाल. बसत जा बाई. फळ्यापाशी पाच तास उभं राहिलं तरच शिकवल्यासारखं वाटतं, ही तुमच्या पिढीच्या शिक्षकांची सवय मी ओळखून आहे.

आता नात. तिच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, विहीणबाई बरोबर बोलतात.

चार वर्षांच्या मुलांचे पाय सपाट दिसतातच. तळव्याखाली चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, आणि कमान दिसू लागायला सात-आठ, कधी दहा वर्षंही लागतात. न्हाणीतून ओल्या पायांनी येताना फरशीवर तिची पावलं उमटतात ती बघा. गौरीच्या दिवशी आपण मुठीच्या कडेने पावलं काढतो, तशी मधे निमुळती ती उमटणार नाहीत, भरीव आणि रुंद उमटतील. या वयाला तेच साजेसं आहे.

इनसोलने कमान येते का, हे अमेरिकेत मुलांवरच पडताळून पाहिलं गेलं. १२९ लहान मुलांचे गट केले. काहींना खास बूट, काहींना टाचेच्या वाट्या, काहींना मापाचे इनसोल, काहींना काहीच नाही. तीन वर्षं ठेवलं. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सगळ्याच गटांत कमान सुधारली, आणि काहीच न दिलेली मुलं कुठेही मागे पडली नाहीत. दुकानदार सांगतो तो फायदा वाढत्या वयाचा आहे, त्याचे पैसे मोजायची गरज नाही.

आपल्या जवळचंही एक काम आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. १९९२ साली ते छापून आलं. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत जास्त, चपला-सँडलवाल्यांत कमी. म्हणून काचा-खिळे नसलेल्या अंगणात, मातीत, वाळूत पोरीला अनवाणी पळू द्या. शाळेचे बूट घरी आल्याबरोबर काढा. लंगडी, दोरीच्या उड्या, चवड्यांवर चालत ‘कोण उंच’ खेळणं, एवढं तिला पुरे.

मात्र पाय दुखतात म्हणून ती रडत असेल, थोडं चालून सतत कडेवर घ्यायला सांगत असेल, एकच पाय सपाट असेल, किंवा चवड्यांवर उभी राहूनही कमान दिसत नसेल, तर बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखणाऱ्या पायाला इनसोल द्यावा लागतो, लहान मुलालाही देतात. नुसत्या चित्रावरून देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि तुमच्या पायाला मातीत चालणं आत्ता नको. जे नातीच्या घडत्या पायाला चांगलं, ते तुमच्या दुखऱ्या दोराला सध्या जड. तपासणी होईपर्यंत सकाळचं फिरणंही निम्म्यावर आणा आणि सूज असेल त्या संध्याकाळी पाय उशीवर घेऊन, कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावा. बर्फ थेट कातडीला नको, आणि तळवे बधिर असतील तर बर्फही नको, गरम पाण्याचा शेकही नको.

डॉक्टरांकडे जाताना ती आतून झिजलेली चप्पल टाकून देऊ नका. डावी-उजवी दोन्ही पिशवीत घालून न्या, इनसोलही न्या, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवा.

— तुमची ताई